साहेबांच्या उपस्थितीतली वाढ

प्रकाश मोजणारं यंत्र कोणत्या रंगाला किती दाद देतं, हे तपासून दाखला देण्याचं काम सरकारी प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत मोजणीबाई बावीस वर्षं करत होत्या. या खेपेला टेबलावर नवजात बाळांच्या वॉर्डाचा मीटर होता. काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात. दाखला चुकला, तर दिवा किती जवळ धरायचा तेच चुकणार. त्यात बाईंची भाची त्याच वॉर्डात नर्स.

"मावशी, मीटर कधी देतेस गं? इथं सगळं अंदाजपंचे चाललंय!" तिचा रोज फोन.

अडचण एवढीच, की साहेब देखरेखीला आले की निळ्याचा आकडा चार टक्के चढायचा. गेले की उतरायचा. बाईंनी तीन दिवस पाळत ठेवली आणि चोर पकडला. साहेबांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट! दाराच्या फटीतला उजेड त्यावर आपटून थेट मीटरमध्ये शिरत होता.

पण साहेबांना बाहेर व्हा म्हणणार कोण? बाईंनी अदबीनं टिपण लिहिलं: ‘वरिष्ठांच्या उपस्थितीत आकड्यात वाढ आढळते. दुरुस्ती व्हावी.’

"बघा!" साहेब खुलले. "पाठीशी कुणी उभं असलं की यंत्रसुद्धा जीव तोडून काम करतं. यात दुरुस्त काय करायचंय?"

लगेच परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येक मोजणी वरिष्ठांसमक्ष. पाच जणांची समिती आली, पाचही शर्ट दुधासारखे. वाढ बावीस टक्के. मध्येच दिवा गेला, तरी मीटर थोडाफार आकडा दाखवतच राहिला.

"काय ही निष्ठा!" अध्यक्ष गहिवरले. "बाई, करा सही दाखल्यावर."

बाईंच्या डोळ्यांसमोर इवलीशी बाळं आली. "करते की. पण एवढ्या मोठ्या समितीला साजेसा झगा नको का? उद्या घालून एकदा मोजू, मग सही."

रात्रीतून त्यांनी जुन्या काळ्या पडद्याचे सहा पायघोळ झगे शिवले, पाच समितीचे आणि एक साहेबांचा.

"सोनेरी काठ नाही?" अध्यक्ष हिरमुसले.

"मोजणी झाली की लावते."

झगे चढले आणि आकडा जागेवर आला.

"उतरला की हो!" साहेब दचकले.

"उतरला नाही साहेब, पोक्त झाला. झग्याचा मान!"

सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या, फोटो काढला. संध्याकाळी मीटर भाचीच्या हातात होता.

हे वाचून ज्यांना आपले साहेब आठवले, त्यांनी घरी मूल अभ्यासाला बसलं की आपण नेमके कुठे उभे असतो, ते एकदा बघावं. झग्याचं माप बाई घरी येऊन घेतात.