पांढरमाळावर रॉक

"रॉक परत येतंय, आबा. सगळीकडं येतंय," पल्लवीनं भाकरी मोडता मोडता जाहीर केलं.

"परत?" धनाजीनं हातातला घास तसाच धरला. "मी मेंढरं घेऊन कोकणापतोर जाऊन आलोय. वाटंत कुटं गाठ पडली न्हाई त्येची."

पल्लवी सांगलीत गिटार शिकवायची आणि सणावाराला पांढरमाळावर यायची. तिच्यापाशी पुरावे होते. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं आता रिमिक्स नको म्हणतात, गिटार मागतात. पेठेत दर तिसऱ्या दुकानात कवटीचे काळे टी-शर्ट लटकलेत.

"त्यो कवटीचा व्हय? आमच्या राखणीच्या अर्जुनानं बुजगावण्याला घातलाय," धनाजी म्हणाला. "पाखरू फिरकत न्हाई. तुज्या गाण्याला माणूस फिरकंल का, त्ये बघ."

"जेवताना तरी मेंढरं आन् गिटार भायेर ठिवा," सुलाबाईनं दोघांच्या ताटात आमटी ओतली. आईची आमटी अशी, की भांडणारा माणूस घडीभर गप्प होतो. पण घडीभरच.

त्याच वेळी दारात जत्रा कमिटीचे आप्पासो उभे राहिले. चेहरा उतरलेला. बिरोबाची जत्रा चार दिवसांवर आली होती आणि पोलिसांनी डॉल्बीला मनाई केली होती.

"धनाजी, गावाला दणका तर पायजे आन् डॉल्बी तर नगं. कसं करावं?"

"आमचा बँड घ्या की!" पल्लवी उठूनच उभी राहिली. "तीन माणसं, दोन स्पीकर. दणका घरचा."

"भक्तिगीतं हायत न्हवं?"

"देवावर राग काढलेली हायत."

आप्पासोंनी क्षणभर विचार केला. "चालंल. ती बी भक्तीच."

धनाजी मात्र हात धुऊन आला तो अट घेऊनच. "हे बघ पलवे. गाव शेवटापतोर बसलं, तर जलमात तुला वाजवू नगं म्हणणार न्हाई. पर गाव उठलं, तर गिटार माळ्यावर, आन् तू चुलत्याच्या हळदीच्या पेढीवर. हाय कबूल?"

"हाय," पल्लवी म्हणाली. असल्या वेळी तिचं नाक थेट बापासारखं फुगायचं.

जत्रेचा दिवस उजाडला. माळ कसा, नव्या घोंगड्यासारखा पसरलेला. त्यावर भंडारा उधळून पिवळं ऊन आडवं झालेलं. दिवस कलल्यावर देवळापुढच्या पटांगणात बँडसाठी मांडव पडला आणि त्यापुढं ताडपत्री अंथरली गेली. सांगलीहून शिवतेज ड्रम घेऊन आला, साक्षी बेस गिटार घेऊन आली. आप्पासोंनी आपल्या मनानं एक सुधारणा केली. लांबच्या वस्तीवरच्या लोकांचेही कान तृप्त व्हावेत म्हणून त्यांनी गाण्याची वायर देवळाच्या शिखरावरच्या भोंग्यालाही जोडून दिली.

पहिलं गाणं सुरू झालं. गाव बसून राहिलं. काय चाललंय हे कळायलाच तेवढा वेळ लागला. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "मशीन तापलंय जनू. जरा बंद करून बघा."

दुसऱ्या गाण्याला मागच्या रांगेतला एक जण उठला आणि त्यानं धोतर झटकलं. गावात माणूस एकटा कधी उठत नाही. एकानं धोतर झटकलं की दुसऱ्याला गुरं आठवतात, तिसऱ्याला चूल, आणि चौथा नुसताच उठतो. बघता बघता अर्धी ताडपत्री उभी राहिली. मांडवाच्या खांबाला टेकून धनाजी मिशीत हसत होता. ते हसू पल्लवीनं नेमकं पाहिलं.

तिचा असा काही संताप झाला, की गाण्याचे शब्दच जळून गेले. गळ्यातून निघाली ती आरोळी गाण्यातली नव्हतीच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून रोज संध्याकाळी ऐकलेली, मेंढरांना पाण्यावर बोलवायची हाळी होती ती.

"हुर्रऽऽ... हो हो हाऽऽऽ!"

उठलेलं गाव जागच्या जागी थबकलं. धनाजीचं हसू पुसलं गेलं.

"आगं, ती नगं! ती हाळी नगं! मेंढरं तानलेली हायत!"

पण भोंग्यानं आपलं काम केलं होतं. ओढ्यापलीकडच्या पडीक रानात धनाजीचा कळप जाळीत कोंडलेला होता. राखणीला अर्जुना होता, म्हणजे असायला हवा होता. तो जत्रेत भजी खायला आला होता. हाळी कानावर पडली आणि जाळीच्या खुंट्या उपटल्या गेल्या.

आधी धूळ आली. मग घुंगरं आली. मग काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पूरच ओढ्यावरून चढला आणि पटांगणात शिरला. ताडपत्रीच्या चारी बाजू मेंढरांनी वेढल्या. उठलेली माणसं झक्कत खाली बसली, कारण पाय ठेवायला जागाच उरली नाही. धोतर झटकणाऱ्याच्या मांडीवर एक कोकरू येऊन बसलं आणि त्याचं धोतर चघळू लागलं.

घाबरून शिवतेजनं ड्रम थांबवला. हीच दुसरी चूक झाली. आवाज थांबताच कळप बिथरला. चारी दिशांना बेंऽऽ बेंऽऽ झालं आणि मेंढरं जत्रेतल्या दुकानांकडं सुटली. एका एडक्यानं शेवेच्या परातीत तोंड घातलं. जिलेबीवाला झाऱ्या उगारून ओरडू लागला, "आवं धनाजीराव, कढई सांडंल!"

काठी फिरवत, धापा टाकत धनाजी मांडवापुढं आला. "पलवे! थांबलीस का? वाजीव!"

"काय म्हणालात, आबा?"

"वाजीव म्हणतूय! तुज्या आवाजानं आल्यात, तुज्याच आवाजानं थांबतील!"

"परत एकदा म्हणा. माइकमधी म्हणा."

"वाजीव गं माजे आये!" धनाजी गावासमोर ओरडला, आणि भोंग्यानं तेही चार वस्त्यांना सांगितलं.

पल्लवीनं तारेवर हात मारला.

*माझ्या पायाखाली माळ, माझ्या डोईवर जाळ,*
*मला कुंपण घालू नका, मी वाऱ्याचं बाळ!*

ड्रम गडगडला. एकेक मेंढरू वळलं, कान टवकारून ताडपत्रीभोवती उभं राहिलं आणि रवंथ करू लागलं. गजी नाचाचा ढोल घेऊन आलेला एक म्हातारा कळपात अडकला होता. त्याला दुसरं काही करता येईना, म्हणून त्यानंही ढोलावर टिपरू हाणलं. तेवढ्यात आप्पासोंनी साक्षीचा माइक ओढून घेतला. "लोकहो, कार्यक्रमाला उदंड प्रतिसाद मिळतूया!"

गाणं संपताना साक्षीनं बेसचा सूर तसाच घुमत ठेवला, म्हणून मेंढरं हलली नाहीत. आप्पासो पल्लवीकडं वळले. "जिंकलीस पोरी! एक माणूस उठलं न्हाई."

"उटंल कसं?" धनाजी तडकला. "मांडीवर मेंढरू बसल्यावर कोन उटंल?"

"बरोबर हाय आबांचं," पल्लवी म्हणाली. "ह्ये मी धरत न्हाई. आबा, मेंढरं काढा. वाट मोकळी करा. मग बघू."

शिवतेजनं कपाळावर हात मारला. "अगं, येड लागलंय का? जिंकलेली मॅच कुणी परत खेळतं का?"

"मेंढरांच्या वशिल्यानं रॉक परत आणायचं न्हाई मला."

धनाजीनं काठी खांद्यावर टाकली. मग त्यानं हाळी दिली, आणि कळप त्याच्यामागं ओढ्याकडं वळला. वाट मोकळी झाली तशी माणसंही निघाली. आधी हळूच, चपला शोधल्यासारखं करत, मग सरळ पाठ करून. फुटलेल्या बंधाऱ्यातून पाणी जावं तसं गाव निघून गेलं. उरली ती चार टाळकी: सुलाबाई, ढोलवाला म्हातारा, आणि कवटीचे काळे टी-शर्ट घातलेल्या दोन शाळकरी पोरी.

साक्षी पुटपुटली, "आवरायचं का?"

"गाणं राहिलंय अजून," पल्लवी म्हणाली, आणि तिनं तार पिळली. डोळे भरले होते, पण नाक फुगलेलंच होतं. चौघांसाठी तिनं असं वाजवायला घेतलं, की जणू साऱ्या माळानं कान दिलाय.

पटांगणाच्या कडेला पोचलेला धनाजी थांबला. त्यानं मागं वळून ती मोकळी ताडपत्री पाहिली. मग भज्याचा पुडा लपवत उभ्या असलेल्या अर्जुनाला त्यानं काठीनं खुणावलं. "हो फुडं. पाण्यावर घाल त्यास्नी."

"आन् तुमी, आबा?"

तो सरळ ताडपत्रीकडं परत आला. खांद्यावरचं घोंगडं त्यानं पहिल्या रांगेच्या मधोमध अंथरलं आणि त्यावर ऐसपैस मांडी घातली.

पल्लवीचा हात तारेवरच थांबला. "आबा, तुमी बसलाय?"

"उभा दिसतूय व्हय? आता माणसांत मला धरायचं का न्हाई, त्ये तू ठरीव."

"धर गं," सुलाबाई पदर सावरत म्हणाली. "आंगानं दांडगं हायत. दोगं धर."

पोरी खुदकन हसल्या. धनाजीनं मात्र तोंड गंभीर ठेवलं आणि शिवतेजला हात केला. "आन् त्यो भोंगा वाढवा जरा. मागं ऐकू जात नसंल."

"मागं कुणीच नाही, काका. आणि आणखी वाढवला तर पलीकडच्या गावची मेंढरं येतील."

धनाजीनं त्या लांबरुंद, रिकाम्या ताडपत्रीवर एकदा नजर फिरवली.

"येऊ द्यात," तो म्हणाला. "जागा लय हाय."