एका बाकाचे चार खड्डे

नगरपालिकेने मार्चमध्ये मिठाच्या चौकातला, लिंडनच्या झाडाखालचा बाक उचलून नेला, तेव्हा त्यावर केप्केबाई बसलेल्या होत्या. आधी त्यांना उठवले, मग बाक नेला.

"याचा एक पाय दोन सेंटिमीटर आखूड आहे," बांधकाम खात्याचा डेटलेफ राडेमाखर म्हणाला. "तपासणीत निघालंय. कुणी पडलं तर आमच्यावर येतं."

"माझाही डावा आखूड आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून. मलाही नेता का?"

"तुम्ही आमच्या खात्यात येत नाही, केप्केबाई."

"परत कधी आणताय?"

"आठवड्याभरात."

डेटलेफला तसे मनापासून वाटत होते. निवृत्तीला वर्ष उरलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खोटे बोलायला जो उत्साह लागतो तो त्याच्यात उरलाच नव्हता.

केप्केबाई एक्याऐंशी वर्षांच्या. घर चर्चच्या मागच्या गल्लीत, मंगळवारचा बाजार चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बाक बरोबर मधोमध. जाताना दहा मिनिटे टेकायचे, येताना वीस. नवरा गेल्यापासून त्यांची लेक गुड्रुन हानोव्हरहून दर रविवारी फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "मंगळवारी बाजारात गेली होतीस?" दोघींचा तसा करारच होता. आई स्वतःचे बटाटे स्वतः आणते तोवर आई आपल्या घरात. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी हानोव्हरच्या वृद्धाश्रमात. तिथे खोल्या छान होत्या म्हणे. केप्केबाईंनी माहितीपत्रक पाहिले होते. त्यातली सगळी माणसे हसत होती, आणि बाईंना तेच पटले नव्हते.

आता जुना बाक नुसता जमिनीवर ठेवलेला होता. नव्या नियमाप्रमाणे बाक जमिनीत रोवायला हवा. चार पाय, चार खड्डे, प्रत्येक साठ सेंटिमीटर खोल. मिठाच्या चौकात गेल्या दोनशे वर्षांत मीठ विकले गेले नव्हते, पाटीवरचे नाव पाच राजवटींनी पाच वेळा बदलले होते, आणि जाणाऱ्या प्रत्येक राजवटीने आपले काही ना काही खाली पुरून ठेवले होते. हे सगळ्या गावाला ठाऊक होते. नियम करणारे गावचे नव्हते.

पहिल्या खड्ड्यात काळी वायर निघाली. वीजवाले म्हणाले आमची नाही, फोनवाले म्हणाले आमची नाही, गॅसवाले म्हणाले की गॅस वायरीतून जात नाही. पत्रे लिहिण्यात महिना गेला. शेवटी काठीवर भार टाकून उभ्या असलेल्या केप्केबाई म्हणाल्या, "ती भोंग्याची वायर आहे. एक मेच्या मिरवणुकीला भाषणं लावायचे ना, त्यातली. आमच्या ह्यांनीच टाकली होती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. शिवाय उभ्याने मला फार बोलवत नाही."

दुसऱ्या खड्ड्यात फावडे लोखंडावर आपटले. लोखंड गोल होते. आमच्याकडे जमिनीत गोल लोखंड लागले की दुसरा घाव कुणी घालत नाही. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब अजून निघतात. बाराशे माणसांना घराबाहेर काढून शाळेच्या व्यायामशाळेत बसवले. आठ तासांनी तज्ज्ञांनी बाहेर काढला तो सुपाचा हंडा. लढाईनंतरच्या उपाशी हिवाळ्यात चौकात सार्वजनिक स्वयंपाकघर होते, तिथला.

"सलगमाचं सूप," केप्केबाई म्हणाल्या. "अजून वास आठवतो. पुरला ते बरं केलं." बाकी त्यांची तक्रार नव्हती. मार्चपासून पहिल्यांदाच नगरपालिकेने त्यांना बसायला खुर्ची दिली होती.

तिसऱ्या खड्ड्यात हाडे लागली. आता पुरातत्त्व खात्याच्या डॉक्टर वीझनरबाई आल्या. त्या गुडघ्यांवर बसून सहा आठवडे ब्रश फिरवत होत्या. हाडे डुकराची निघाली; पण सातशे वर्षांपूर्वीच्या डुकराची, त्यामुळे त्याचा मान ठेवावा लागला.

इकडे केप्केबाईंना बाजाराला पाऊण तासाचा दीड तास लागू लागला. जूनमधल्या एका मंगळवारी त्या खड्ड्यांपर्यंत आल्या, कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि रिकामी पिशवी घेऊन परत फिरल्या.

"मंगळवारी गेली होतीस?" रविवारी गुड्रुनने विचारले.

"निम्मी."

फोनवर कॅलेंडरची पाने उलटल्याचा आवाज आला. मग गुड्रुन म्हणाली, "आई, मी पंधरा सप्टेंबरला येते. सोबतच नेते तुला."

ही हकिकत बाईंनी डेटलेफला सांगितली, रडगाणे न गाता, हवापाण्याबद्दल बोलावे तशी. डेटलेफला वाईट वाटले. खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला वाईट वाटणे परवडत नाही, तरी वाटले. त्याने गोदामातून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून झाडाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी उद्यान खात्याने ती विनापरवाना म्हणून उचलून नेली. 'करायला गेलो एक' म्हणतात ते हेच.

चौथा खड्डा त्याने स्वतः खणला. हळूहळू, चमच्याने उकरावे तसा. चाळीस सेंटिमीटरवर घडीव दगड लागला. त्याच्याजवळ दुसरा, आणि मध्ये फळी बसवायची खाच. डॉक्टर वीझनरबाईंचे डोळे भरून आले.

"हा बाक आहे," त्या म्हणाल्या. "अडीचशे वर्षांपूर्वीचा. मिठाचे व्यापारी इथेच टेकायचे. म्हणजे ही जागा पहिल्यापासून बसण्याचीच."

"मी काय वेगळं सांगत होते?" केप्केबाई म्हणाल्या. "मग आता बाक येईल."

"छे," वीझनरबाई म्हणाल्या. "आता तर मुळीच नाही. मूळ बाकाच्या जागेला संरक्षण असतं. इथे दुसरं काही उभं करता येत नाही."

ऑगस्टमध्ये डेटलेफने तिथे दोरी बांधली आणि वरून आलेला फलक रोवला: 'बसण्याचे ऐतिहासिक ठिकाण. येथे बसण्यास सक्त मनाई आहे.' फलकाला खड्डा लागला नाही. फलकांचा नियम वेगळा होता.

फलकाबरोबर एकवीस पानी आदेश आला होता. असले आदेश कुणी वाचत नाही. पण त्या दुपारी डेटलेफचे गुडघे इतके दुखत होते, की उठण्यापेक्षा वाचणे सोपे होते. सतराव्या पानावर तो थांबला. मग टोपी घालून, लंगडत लंगडत, चर्चच्या मागच्या गल्लीत गेला.

"केप्केबाई, अनुभव लिहायचाय. त्या जागेचा काही अनुभव?"

"एकतीस वर्षं बसलेय तिथे."

"'एकतीस वर्षं प्रत्यक्ष निरीक्षण,'" डेटलेफने लिहिले. "सही करा."

पंधरा सप्टेंबरला गुड्रुन दोन रिकाम्या सुटकेसी घेऊन आली. घराला कुलूप होते. शोधत शोधत ती चौकात पोचली, तर लिंडनच्या झाडाखाली, दोरीच्या बाजूला, हात असलेल्या गुबगुबीत खुर्चीत आई बसलेली. अंगावर नगरपालिकेचे पिवळे जाकीट, पायाशी बटाटे आणि लाल कोबीची पिशवी.

"आई, हे काय?"

"ड्युटी. उघड्या अवशेषांवर काचेचं झाकण येईपर्यंत आठ ते चार पहारा लागतो. मानद पहारेकरी चालतो. त्याला पाठ आणि हात असलेली खुर्ची द्यावी लागते. सतरावं पान."

"आणि झाकण कधी येणार?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, चारेक वर्षं. म्हणजे आठ धर." बाईंनी घड्याळ पाहिले. "तू घरी जाऊन बटाटे उकडायला ठेव. मला चारपर्यंत हलता येत नाही. लेखी आहे."

गुड्रुनने बटाटे उकडले. सुटकेसी रिकाम्याच परत गेल्या.

ऑक्टोबरात एका दुपारी डेटलेफ पाने झाडत झाडत तिथे आला. झाडू टेकवून त्याने एकदा झाडाकडे पाहिले, एकदा दोरीपलीकडच्या त्या सपाट, बसायला अगदी बेताच्या उंचीच्या दगडाकडे.

"बाई, दोन मिनिटं टेकू का? आज गुडघे फारच बोलतायत."

केप्केबाईंनी फलकाकडे बोट केले.

"मीच लावलाय तो."

"मग तुम्हाला तर माहीतच असायला हवं."

डेटलेफ उभाच राहिला. त्याने खुर्चीभोवतीची पाने झाडली. मग केप्केबाई म्हणाल्या, "अहो राडेमाखर, तुम्ही सुटताय ना मार्चमध्ये? मला रविवारी सुट्टी लागते. गुड्रुनचा फोन असतो."

"खुर्ची हीच?"

"हीच. हात थोडे सैल झालेत, बाकी मऊ आहे."

"अर्ज कुठे मिळतो?" डेटलेफने विचारले.