अठ्ठेचाळीस कशाचे?

"पडद्याचं माप मी घेतो," असं मी रविवारी चहा पिता पिता म्हणालो. माशी शिंकली ती तिथंच.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि बुधवारी त्या आमच्याकडे विश्रांतीला येणार होत्या. डोळ्यावर ऊन येता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांच्या खोलीत तर दुपारभर ऊन थेट उशीवरच यायचं.

आमच्या टेपवरचे इंच पुसून गेलेत, सेंटीमीटर तेवढे शाबूत आहेत. खिडकी भरली एकशेवीस बाय दीडशे. पडदेवाल्या काकांना मात्र माप इंचात लागतं. आता अडीचनं गुणायचं की भागायचं? गुणलं तर खिडकी तीनशे इंच रुंद झाली. (एवढं आमचं अख्खं घर नाही.) मग भागलं. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आणि बायकोला ऐटीत सांगितलं, "अठ्ठेचाळीस बाय साठ. कळव काकांना." आणि शीळ घालत आंघोळीला गेलो.

बुधवारी सकाळी पडदा आला. लावला तर खिडकीच्या मधोमध रुमाल वाळत घातल्यासारखा दिसायला लागला.

"अगं, हे काय? मी अठ्ठेचाळीस सांगितले होते!"

"हो ना. मी त्याचे एकोणीस करून दिले."

"का?"

"इंच नकोत करायला? मागे टेबलाचं माप तुम्ही सेंटीमीटरमध्ये दिलंत, सुतारानं ते इंच धरले. अजून जिन्यात पडलंय ते टेबल."

"पण या वेळी मी आधीच भागलं होतं!"

"तुम्ही?" तिचा विश्वासच बसेना.

मी धावत काकांकडे गेलो. "काका, आम्ही दिलेल्या कापडातलं उरलेलं द्या!"

"त्याच्या उशांच्या खोळी शिवल्या की. मला वाटलं, बाथरूमची खिडकी असेल."

आयुष्यात एकदा माझं गणित बरोबर आलं, तरी चूक माझीच कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि मी खिडकीत, दोन्ही हातांनी चादर ताणून उभा राहिलो.

"जावईबापू, जरा इंचभर उजवीकडे."

मी सरकलो. ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं मला नीट न्याहाळलं आणि लेकीला हाक मारली, "अगं, यांना सेंटीमीटरमध्ये सांग बाई."