ड्रिलचा पट्टा

त्या गिटारवाल्याचं बोट केसभर जरी चुकलं तरी आपल्याला झोपेतसुद्धा कळतं, असा दातांच्या डॉक्टरांचा दावा होता! चाळीस वर्षं ते हा दावा करत आले होते. समोरचा माणूस बहुतेक वेळा तोंडात कापूस घेऊन पडलेला असल्यामुळे त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

गिटारवाल्याच्या चाहत्यांचं त्यांचं मंडळ एकेकाळी अकरा जणांचं होतं. कुणी गाव सोडलं, कुणाचे कान गेले, दोघं तर कायमचेच गेले. उरले तिघं : डॉक्टर, बँकेतले कॅशियर आणि गणिताच्या बाई. पण नियम तेच. म्हाताऱ्याची (म्हणजे गिटारवाल्याची, हे प्रेमानं) नवी रेकॉर्ड आली की रविवारी दुपारी बंद दवाखान्यात एकत्र ऐकायची. त्याआधी मोबाइलवर चोरून ऐकायची नाही. आणि मत द्यायचं ते पेशंटच्या खुर्चीत आडवं पडून, तोंडावर दिवा घेऊन. त्या उजेडात खोटं बोलवत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं.

यंदाची रेकॉर्ड नुसत्या वादनाची होती. म्हाताऱ्याचा जन्माचा सोबती, त्याचा गायक, दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याच्या जागी दुसरा गळा घ्यायला म्हातारा तयार नव्हता. नेमका त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा तुटला! नवा पट्टा यायला पंधरा दिवस लागणार होते.

"हात्तिच्या! एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी माळ्यावरून वडिलांच्या वेळचं, पायानं चालवायचं दातांचं ड्रिल काढलं, त्याचा पट्टा कापला, टाके घालून प्लेअरला बसवला. तबकडी फिरू लागली! डॉक्टरांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवारी रेकॉर्ड वाजली. वाजली म्हणजे काय, रांगली. एक सूर निघे आणि दुसऱ्याची वाट बघत बसे. कॅशियर दोनदा घोरले.

"कव्हरवर चाळीस मिनिटं लिहिलीत," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आणि इथे पन्नास झाली."

"दुःखाला वेळ लागतो, बाई!" डॉक्टरांनी त्यांना गप्प केलं.

कॅशियर खुर्चीत आडवे झाले. "म्हातारा संपला! माझ्या काउंटरवरची पेन्शनची रांगसुद्धा याहून भरभर सरकते."

"काहीतरीच काय!" बाई त्यांना उठवून स्वतः आडव्या झाल्या. "अहो, मित्र गेलाय त्याचा. पाय ओढत चालल्यासारखं वाजवलंय. मला तर रडू आलं."

डॉक्टरांना दोघांचंही पटलं आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं. म्हातारा त्यांच्या प्रत्येक पत्राला स्वतःच्या हातानं चार ओळींचं उत्तर लिही. ती सारी पत्रं त्यांनी कवळ्यांच्या साच्यांशेजारी, कुलपात जपून ठेवली होती. अशा माणसाशी खोटं कसं बोलायचं? त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं : 'तुमची बोटं आता थकली आहेत. हात थकले की थांबावं. आम्ही तुम्हाला विसरणार नाही.'

बायकोनं पत्र वाचलं आणि डॉक्टरांच्या हाताकडे बघितलं. तो हात हल्ली थरथरायचा. पेशंटांच्या ते लक्षात येऊ लागलं होतं.

"अहो, हे त्यांना लिहिलंत की स्वतःला?"

डॉक्टरांनी चपला घातल्या आणि पत्र पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून गिटार ऐकू आली. चपळ, झरझर, ताजी!

"हा कोण पोरगा वाजवतोय?"

"पोरगा कसला? तुमचाच म्हातारा," बायको म्हणाली. ती मंडळाची सभासद नव्हती, त्यामुळे मोबाइल तिला माफ होता.

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळीसाची पन्नास मिनिटं! पट्टा! ते दाढीच्या फेसासकट पत्रपेटीकडे धावले. पेटी नुकतीच रिकामी झाली होती! घरी येऊन त्यांनी दुसरं पत्र खरडलं : 'दोष तुमच्या बोटांचा नाही, माझ्या ड्रिलच्या पट्ट्याचा. मी गाढव आहे. कृपा करून थांबू नका.' नवा पट्टा आल्याबरोबर जुना त्यांनी रागारागानं कचऱ्यात फेकला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर जरा वाकडं होतं.

'तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. खरं पहिलंच आहे. बोटं आता तेवढीच चालतात. स्टुडिओतल्या मुलांनी मशीनवर वेग वाढवला आणि सगळे म्हणाले, हात अजून तरुण आहे! माझं खरं वाजवणं फक्त तुमच्या दवाखान्यात ऐकलं गेलं. गिटार पेटीत ठेवली. तो पट्टा मात्र बदलू नका.'

डॉक्टर कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. डबा कधीच रिकामा झाला होता.

त्या रविवारी मंडळानं नव्या पट्ट्यावर रेकॉर्ड पुन्हा ऐकली.

"काय हात आहे!" कॅशियर खुर्चीतून ओरडले. "म्हातारा अजून वीस वर्षं वाजवणार, लिहून घ्या!"

"मला नाही आवडलं," बाई म्हणाल्या. "मित्र गेल्यावर एवढी घाई?"

मग डॉक्टरांची पाळी आली. ते आडवे झाले. दिवा लागला. पत्र खिशात होतं. त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ उघडंच ठेवलं आणि मिटलं.

"काय झालं?" दोघांनी वाकून विचारलं.

"दाढ दुखतेय," डॉक्टर म्हणाले.

"मग दाखवा की एखाद्या चांगल्या डॉक्टरला!" कॅशियर म्हणाले.