मागे माणूस असतो

नवीन पिकअप घ्यायची हे दादाने ठरवलं होतं. बुकिंगही त्यानेच केलं. राहिले होते ते फक्त ऑप्शन, म्हणजे गाडीत वरून काय काय बसवून घ्यायचं ते. "ते काय, सावकाश ठरवू," असं तो म्हणाला आणि मग एका सकाळी बूट घालायला खाली वाकला, तो पुन्हा वर आलाच नाही.

त्यामुळे ऑप्शन ठरवायचं काम धाकट्याच्या गळ्यात पडलं. धाकट्याला आयुष्यात स्वतःहून काही ठरवायची सवय नव्हती. (शाळा सोडायचं तेवढं त्याने एकट्याने ठरवलं होतं, तेही मधल्या सुट्टीत.) बाकी सगळं दादा ठरवायचा आणि धाकटा त्यावर आधी भडकायचा, मग ते करायचा.

दोघा भावांचा धंदा घरसामान हलवण्याचा. दादा गाडी चालवायचा, धाकटा कपाटं उचलायचा. अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यायची वेळ आली की धाकटा उतरून मागे जायचा आणि हौद्याच्या पत्र्यावर हाताने थापा मारायचा. दोन थापा म्हणजे ये. एक जोरात म्हणजे थांब. तोंडाने बोलायचं नाही, कारण इंजिनाच्या आवाजात माणसाचं बोलणं पोचत नाही, थाप पोचते. कधीमधी दादा त्याला चालवायला द्यायचा. पुढे जायला धाकट्याला कोणी लागत नसे, मागे यायला मात्र दादा लागायचा. मग दादा उतरायचा, थापा मारायचा आणि गाडी जागेवर बसली की शेवटी पत्र्यावर एक हलकी थाप द्यायचा, पाठीवर देतात तशी. ती गाडीला होती की धाकट्याला, हे कधी विचारायचं सुचलं नाही.

जुनी गाडी गिअरबॉक्स बसल्यामुळे भंगारात गेली होती. नवीनसाठी शोरूममधून फोनावर फोन येत होते. आज ऑप्शन कळवले नाहीत तर गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला जाणार होती. सकाळीच वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज काय ते ठरवा. नाहीतर मी माझ्या भावाला हो म्हणून सांगते."

वहिनीचा भाऊ तिला आणि तिच्या छोकरीला आपल्या गावी घेऊन जायला टपून बसला होता. तिथे एका दवाखान्यात त्याने नोकरीही बघून ठेवली होती.

"एवढी काय घाई आहे?" धाकटा म्हणाला.

"गाडी नाही तर धंदा नाही. धंदा नाही तर मी इथे बसून काय तुमचं तोंड बघू? ते काही एवढं बघण्यासारखं नाही."

धाकट्याने हिशेब केला. गाडी गेली तर वहिनी जाणार, पुतणी जाणार आणि घरात दोघंच उरणार, तो आणि दादाचे बूट. ते बूट अजून दाराशीच होते, एक सरळ आणि एक आडवा. त्यांना हात लावायची कोणाची छाती होत नव्हती.

दुपारी दोघं शोरूममध्ये पोचली. आत चिटपाखरू नव्हतं. फरशी इतकी चकचकीत की प्रत्येक गाडीच्या खाली तीच गाडी उलटी लटकलेली दिसत होती. सीटांवर पांढरं प्लॅस्टिक चढवलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत. धाकट्याने नजर वळवली, तर समोर मागच्या अंगणात ट्रायलची पिकअप काचेला नाक लावून उभी. ती बरोबर त्याच्याकडेच बघत होती. (गाड्या बघत नसतात हे धाकट्यालाही माहीत आहे. तरी त्याने खुर्ची जरा तिरकी करून घेतली.)

सेल्समन टाय लावलेला होता आणि आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलायचा. "किल्ली हातात घेऊन बघा, सर. वजन बघा." धाकट्याने वजन बघितलं. मग टायवाल्याने पहिला ऑप्शन काढला. "केबिनमध्ये निळा उजेड. रंग बदलता येतो."

धाकटा ऐटीत मागे रेलला. "घ्या."

काचेपलीकडे पिकअपचे दोन्ही दिवे लागले आणि विझले.

गाडीत कोणी नव्हतं. अंगणातही कोणी नव्हतं. धाकटा सरळ बसला.

"नको," तो म्हणाला.

"नको, सर?"

"राहू दे. दुसरं सांगा."

"मोठी स्क्रीन. गाणी लागतात, रस्ता दिसतो."

धाकटा पुन्हा जरासा रेलला. "हां, ती घ्या."

पिकअपचे मिटलेले आरसे हळूहळू उघडले. आवाज ऐकून जनावराने कान उभे करावेत तसे.

 धाकट्याला सगळं लख्ख दिसलं. जे बिघडू शकतं ते विकतच घ्यायचं नाही, हे दादाचं मत होतं आणि दादा आपलं मत सांगत होता. "स्क्रीन पण नको," तो कुजबुजला.

"भाऊजी, घाम का आलाय तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, दादाला पटत नाहीये."

"काय?"

"बघ तू." तो टायवाल्याकडे वळला. "गार हवेची सीट आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना, सर."

"घ्या," असं म्हणून धाकटा छातीवर हात ठेवून मागे टेकला. अंगणात पिकअपने हॉर्न दिला. एकच, तुटक. उशीर केला की दादा गल्लीच्या तोंडाशी द्यायचा तसा.

टायवालाही दचकला. वहिनी मात्र गाडीकडे बघत नव्हती, धाकट्याकडे बघत होती, आणि तेही तोंडाकडे नाही.

"भाऊजी, जरा उठा."

धाकटा उठला. वहिनीने त्याच्या मागच्या खिशातून चिमटीने किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. (धाकट्याच्या हातात काहीही द्या, ते मागच्या खिशात जातं. एकदा गिऱ्हाइकाच्या बाथरूमचा नळ गेला होता.) "या किल्लीला बटणं आहेत आणि तुम्ही त्यांच्यावर बसलाय," ती म्हणाली. काचेपलीकडे पिकअपने आरसे मिटून घेतले, विषय संपल्यासारखे.

तुम्हाला वाटेल, धाकट्याला हायसं वाटलं असेल. तसं झालं नाही. त्याला फार वाईट वाटलं. भीतीने का होईना, दादा आला होता. आता तोही गेला.

टायवाल्याने घसा खाकरला. "रिव्हर्स कॅमेरा. मागचं सगळं स्क्रीनवर दिसतं. तुमच्या धंद्याला तर हवाच, सर."

"नको," धाकटा तडकला. "मागे माणूस असतो."

वहिनीने विचारलं, "कोण?"

"मी."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"म्हणजे पुढेही तुम्ही आणि मागेही तुम्ही."

 एवढे दिवस हाच एक प्रश्न धाकट्याने मनात येऊ दिला नव्हता. शोरूमचे फोन त्याने का उचलले नाहीत, ऑप्शन का ठरत नव्हते, त्याचं सगळं कारण तिथे होतं. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांनी किती समजावलं, ते सगळं त्याने ऐकून घेतलं होतं. पण गाडी मागे घेताना मागे कोणी नाही, हे ऐकून घेणं वेगळं होतं.

"ट्रायल घेऊन तर बघा," टायवाला हळूच म्हणाला.

अंगणाच्या टोकाला चुना लावलेली उंच भिंत होती. टायवाला शेजारी बसला, वहिनी मागच्या सीटवर. फाटकापर्यंत धाकट्याने गाडी अशी झोकात नेली की टायवाल्यानेही मान डोलावली. तिथे वहिनी म्हणाली, "नव्या प्लॅस्टिकच्या वासाने मला मळमळतंय," आणि उतरली. लगेच टायवाल्याचा फोन वाजला. "भिंतीपर्यंत मागे घ्या, सर, मी आलोच," असं म्हणत तोही उतरून फाटकाबाहेर गेला.

दारं बंद झाली. कुलपं आपोआप खाली बसली, एकामागून एक. बाहेरचा सगळा आवाज गेला.

धाकट्याने आरशात बघितलं. आरसे मिटलेले होते. ते कुठून उघडतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं. त्याने रिव्हर्स टाकला. स्क्रीन उजळली. करडं अंगण दिसलं, कडांना वाकलेलं, जणू दाराच्या भोकातून कोणीतरी बघतंय. टोकाला भिंत. मध्ये काही नाही.

गाडी मागे घेताना मागे काय असतं, हे धाकटा पहिल्यांदाच बघत होता. आजवर तिथे दादा आहे असं धरून चालायचा तो. आणि आता बघितलं, तर तिथे कोणीच नव्हतं.

त्याचा पाय क्लचवरच राहिला. गाडी बंद करून सरळ घरी जावं, वहिनीला म्हणावं, जा तू, घेऊन जा छोकरीला, मला नाही जमत. त्याचा हात किल्लीकडे गेला.

थाप, थाप.

पत्र्यावर, मागे, उजव्या बाजूला.

धाकट्याने स्क्रीनकडे बघितलं. अंगण रिकामं. भिंत, चुना, ऊन. माणसाची सावलीसुद्धा नाही.

थाप, थाप.

दोन थापांमधलं अंतर तेच, दुसरी पहिलीपेक्षा जराशी ढिली, तीही तशीच.  यावेळी किल्ली त्याच्या खिशात नव्हती, समोर गाडीला लावलेली होती. त्याने क्लच सोडला. गाडी मागे सरकली. थाप, थाप. गाडी सरकत राहिली. मग धाकट्याने डोळे मिटून घेतले. (डोळे मिटून गाडी मागे घेऊ नये हे सगळ्यांनाच कळतं. पण उघडे ठेवले असते तर तिथे कोणी नाही हे दिसत राहिलं असतं.)

थाप. एकच, जोरात. थांब.

त्याने ब्रेक दाबला. आणि क्षणभराने, अगदी हलकेच, सबंध गाडीला जाणवेल अशी शेवटची एक थाप बसली.

धाकट्याने इंजिन बंद केलं. गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायचं त्याला सुचलं नाही. "बसली का नीट, दादा?" त्याने विचारलं.

 मग काचेवर बोटं वाजली. खिडकीबाहेर वहिनी होती.

"थांब म्हटल्यावर थांबायचं असतं, भाऊजी."

धाकट्याने धडपडत दार उघडलं. "ती तू होतीस?"

"मग कोण असणार? फोनवर बोलत तो टायवाला गेला, तुम्ही नुसते बसून राहिलात. मी बाजूला उभी राहिले आणि मारल्या थापा."

"स्क्रीनवर दिसली नाहीस."

"मी मागे कुठे होते? बाजूला होते." तिचा तळहात धुळीने माखून लाल झाला होता. "इतकी वर्षं घरात बसून तेच ऐकलंय. दोन, दोन, एक. ऐकलं की कळायचं, आलात दोघं. मग मी पाणी तापत ठेवायची."

धाकटा खाली उतरला.  "पण ती शेवटची हुबेहूब मारलीस. हलकी."

वहिनीचा चेहरा बदलला. "हलकी मी नाही मारली."

दोघांनी आजूबाजूला बघितलं. अंगणात वारा नव्हता. पलीकडे फाटक, त्याच्याबाहेर टायवाल्याची पाठ.

"तुला आली ऐकू?" धाकट्याने विचारलं.

"आली," वहिनी अगदी हळू म्हणाली. तिने पदर गळ्याशी घट्ट धरला होता. "गाडी थांबल्यावर ते नेहमी द्यायचे, तशीच."

मग ती रडायला लागली. दादा गेल्यापासून धाकट्याने तिला रडताना बघितलं नव्हतं. सगळे आले गेले तेव्हा ती चहाचे कप मोजत बसली होती. आता ती गाडीच्या पत्र्याला हात टेकून रडली आणि शेजारी धाकटाही, आणि दोघांनाही त्यात जराही लाज वाटली नाही, कारण तो तिथेच होता, दोघांच्या मध्ये कुठेतरी, हात झटकत.

"मी नाही जात भावाकडे," डोळे पुसत वहिनी म्हणाली. "छोकरी शाळेत असते तेवढा वेळ मी येत जाईन गाडीबरोबर. तुम्ही चालवा. मागे मी उभी राहीन."

धाकट्याने मान डोलावली. 

इतक्यात टायवाला परत आला. तो त्या दोघांना वळसा घालून गाडीच्या मागे गेला, खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"सर," तो तिथूनच म्हणाला, त्याच आजारी खोलीतल्या आवाजात, "गाडी भिंतीला टेकलीय."

दोघं मागे गेली. बंपरला मध्यभागी पोचा पडला होता, वाटीच्या तळाएवढा, आणि त्याच्यात भिंतीचा चुना नीट भरला होता. भिंतीचाही एक पोपडा खाली आला होता.

वहिनीने पोचा बघितला, भिंत बघितली, मग धाकट्याकडे बघितलं. तिचे ओठ थरथरले आणि धाकट्याला वाटलं आता पुन्हा रडणार. पण ती हसायला लागली, तीही दादा गेल्यापासून पहिल्यांदाच, इतकी की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"कॅमेरा लिहा," धाकटा पडेल आवाजात म्हणाला.

"कॅमेरा होताच की, सर," टायवाला म्हणाला.

"लिहा हो कॅमेरा," वहिनी म्हणाली. "आणि जाड लोखंडी बंपर मिळतो का, ऑप्शनमध्ये?"

"मिळतो, मॅडम. पुढचा की मागचा?"

"मागचा," धाकटा घाईने म्हणाला. "पुढे मला चांगलं येतं."

वहिनीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं.

"दोन्ही लिहा," ती म्हणाली.