हात लावून बघायची चित्रं

मी कॉलेजात गेलो त्याच वर्षी वादळाने आमची नंदाखाल गावातली केळीची बाग आडवी केली. बाबा आठ दिवस बांधावर बसून होते. आईच्या कानातलं गेलं, माझी फी भरली गेली. आणि माझा थोरला भाऊ, बस्त्यावदादा, पडलेले बुंधे ओढून आणून लग्नाच्या टोपात शिजवत बसला.

गावाला वाटलं, हा गेला कामातून. दादा माणिकपूरला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने शिजलेल्या केळीचा लगदा कुटला, चाळणीवर पसरला आणि कागद केला. जाड, खरबरीत, मधूनच दोरे सुटलेला. त्यावर पेस्टलचे खडू अंगठ्याने घासायचा. ना झाड, ना माणूस. नुसते निळे-मातकट पट्टे, उंचवटे, खळगे.

हे काय आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "डोळ्यांना घाई असते. हात धू, डोळे मिट."

पाहुणा असो, पोस्टमन असो, सुटका नव्हती. घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादरही साबणाने हात धुऊन चित्र चाचपून गेले. रंग बोटांना लागायचा. चर्चच्या दाराशी लोक बोटं बुडवतात ते पवित्र पाण्याचं भांडं निळसर दिसलं, की फादर म्हणत, "बस्त्यावकडे वर्दळ होती वाटतं."

आग्रह केला नाही तो फक्त बाबांना. मेलेली बाग पोराने शिजवली, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. थोरल्याचं कुणी विचारलं तर म्हणाले, "तो पाट्या रंगवतो."

मुंबईच्या एका प्रदर्शनाला दादाची चित्रं निघाली. सकाळी तो ती बांधत होता. बाबा विहिरीवरून हात धुऊन आले, अर्धवट बांधलेल्या मोठ्या चित्रापुढे बसले आणि कुणी न सांगता डोळे मिटले. केळीत जन्म गेलेली ती बोटं कागदावरून सावकाश फिरली, एका खळग्यापाशी थांबली.

"इथं पाट वळतो," बाबा म्हणाले. "विहिरीकडून तिसरी ओळ. वादळाआधीची."

"हो, बाबा." दादा खाली मान घालून त्या चित्राची सुतळी सोडू लागला.

मी शिकलेला. तीन वर्षं ती चित्रं चाचपत होतो, मला बाग सापडली नव्हती.

प्रदर्शन झालं, चित्रं विकली गेली. ते एक मात्र आमच्या ओटीवरच आहे. पाटाच्या वळणावरचा निळा रंग पार पुसला गेलाय. आता कुणी थोरल्याचं विचारलं तर बाबा म्हणतात, "चित्रकार आहे. आत या, आधी हात धुवा."