घड्याळकाका आणि हरवलेली स्प्रिंग

आपल्याला जाहिरातीची गरज नाही, असं घड्याळकाका छाती पुढे काढून सांगत. दुकान एका माणसापुरतं, टेबल दोन कोपरांपुरतं आणि दारावरची पाटी चौतीस वर्षांपूर्वी रंगवलेली. ज्याचं घड्याळ बंद पडेल तो शोधत येईल, असा त्यांचा ठाम समज होता. पण अलीकडे शोधत येणारे घटले होते. जे येत, त्यातले निम्मे समोरच्या झेरॉक्सवाल्याचं दुकान कधी उघडतं ते विचारून जात.

त्यांची पुतणी एका जाहिरात कंपनीत नोकरीला होती. एका रविवारी ती आली, दुकानाबाहेर दहा मिनिटं उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, की त्रेचाळीस माणसं गेली, एकानेही मान वर करून पाटी वाचली नाही. सगळ्यांच्या माना फोनमध्ये होत्या. मग पाटी फोनमध्येच लावायला हवी, हे काकांना पटलं. शिवाय एवढ्याशा काचेत लोक दिवसभर बघतात तरी काय, ही उत्सुकता त्यांना मनातून होतीच.

पुतणीने फोन स्टँडवर बसवला. नेहमीचं काम करायचं आणि बोलत राहायचं, एवढंच तिने बजावलं. लाइव्ह सुरू झालं. काकांनी ड्रॉवरमधून हाताला लागलं ते मनगटी घड्याळ काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चावीच्या घड्याळांचा पार पहिल्यापासूनचा इतिहास सांगायला घेतला. पंधरा मिनिटांनी बघणारे होते चार. त्यातली एक पुतणी आणि एक घरून बघणारी काकू.

तेवढ्यात चिमट्यातून स्प्रिंग निसटली. टिंग असा आवाज झाला आणि तांदळाच्या कणीएवढा तो जीव दिसेनासा झाला.

काका टेबलाखाली शिरले. फोनवर उरला रिकामा स्टूल आणि मधूनच वर येणारी काकांची पाठ. पुतणी घाईने बंद करायला गेली, तर आकडा हलताना दिसला. चाराचे साठ झाले, साठाचे तीनशे. कोणी लिहिलं, स्टुलाच्या पायापाशी बघा. कोणी लिहिलं, लोहचुंबक फिरवा. त्यावर, घड्याळाजवळ लोहचुंबक नेतात का, म्हणून तिसऱ्याने त्याची खरडपट्टी काढली. कुठल्याशा बसमध्ये म्हणे मागच्या चार रांगा एकाच फोनवर वाकल्या होत्या. पुतणी एकेक वाचून दाखवत होती आणि काका खालून "बघितलं तिथे" असं कळवत होते. आकडा हजारावर गेला. गुडघे दुखत असूनही काकांना हुरूप आला. एवढी माणसं त्यांच्या कामात आजवर कधी शिरली नव्हती.

मग पुतणी वाचता वाचता अडखळली.

"काका, एक बाई विचारतायत. हे माझंच घड्याळ ना? याचा पार्ट बाहेरगावहून यायचा होता ना?"

टेबलाखालची हालचाल थांबली. घड्याळ एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं होतं. तीन आठवड्यांत त्या तीनदा येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा काकांनी त्या पार्टचं नाव पुढे केलं होतं. आता हजार माणसं उत्तराची वाट बघत होती. बंद करू का, असं पुतणीने खाली वाकून डोळ्यांनीच विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली, केसांना जळमटं लागलेल्या अवस्थेत बाहेर आले आणि फोनसमोर उभे राहिले.

"बाई, पार्ट कुठूनच यायचा नव्हता. मी तुमचं घड्याळ उघडलंच नव्हतं. आज उघडलं, आणि स्प्रिंग पाडून बसलो."

मग बाईंचाच मजकूर आला, तोंड जरा उजेडाकडे करा. काकांनी शाळेतल्या पोरासारखं तोंड वळवलं.

"मिशीत बघा," पुतणीने पुढचं वाचलं. "डाव्या बाजूला."

झुपक्यातून स्प्रिंग निघाली तेव्हा पडद्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पस्तीस वर्षं शेवटच्या बाकावरच्या चिठ्ठ्या हुडकणाऱ्या नजरेला एक मिशी ती काय. संध्याकाळी बाई घड्याळ न्यायला आल्या. त्यांनी ते कानाला लावलं, मनगटावर बांधलं आणि रागावल्या नाहीत, याचंच काकांना जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच अकरा माणसं दाराशी होती. सहा जणांकडे घड्याळं होती. बाकीचे पाच नुसतेच उभे. त्यातल्या एका आजींना काकांनी झेरॉक्सवाल्याकडचा स्टूल आणून दिला आणि काय बिघडलंय ते विचारलं.

"काही नाही, तुम्ही आपलं काम करा," आजी म्हणाल्या. "कोणी मन लावून काही दुरुस्त करत असलं, की बघत बसावंसं वाटतं."

काकांचा ऊर भरून आला. चिमटा हातात घेऊन ते नेहमीपेक्षा ताठ बसले आणि तासभर हात जराही न थरथरता काम केलं. शेवटी आजींनी जांभई दिली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "आज काही हरवणार नाहीये का?"